लक्झरी एसयूव्ही घ्यायची तर शोरूम सगळ्यात शेवटी: खान्देशातल्या खरेदीदारासाठी टप्प्याटप्प्याने

मी जळगावात व्यापाऱ्यांचे हिशेब पाहतो. गाडी घ्यायची म्हटलं की मंडळी टॅक्सचं विचारायला येतात, पण तोवर गाडी ठरलेली असते. आधी लोगो ठरतो, मग रंग, मग नंबर, आणि बुकिंगची रक्कमही देऊन झालेली असते. सर्व्हिसिंग कुठे करायची, टायर फुटला तर काय, 'स्वतः ब्रेक मारते' म्हणतात ती गाडी पारोळ्याच्या पुढे अंधारात कापसाची ट्रॉली पाहून खरंच ब्रेक मारेल का, हे प्रश्न गाडी दारात आल्यावर पडतात.

म्हणून खालचा क्रम नेहमीच्या उलट आहे. शोरूम सातव्या टप्प्यावर येतं. मधला एखादा टप्पा गाळला की पुढच्या टप्प्यातली आकडेमोड चुकते, तेव्हा क्रम मोडू नका.

टप्पा १: महिनाभर वही ठेवा

आत्ता जी गाडी आहे तिच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. रोज चार गोष्टी लिहा: किती किलोमीटर झाले, कोणत्या रस्त्याने, गाडीत किती माणसं होती, आणि कोणी चालवली. महिनाभर पुरे.

डाळ मिलवाले एक शेठ मला ठासून सांगत होते, "माझं महिन्याला चार हजार किलोमीटर होतं." वही ठेवली तर नऊशे भरले. त्यातलेही बहुतेक घर ते एमआयडीसी आणि परत. एका खेपेला सहा किलोमीटर. हा आकडा पुढे इंधन ठरवताना सगळं उलटंपालटं करतो.

वहीच्या शेवटच्या पानावर मापं घ्या. मोठ्या एसयूव्हीची रुंदी आरसे धरून २.१ ते २.२ मीटर भरते, लांबी पाच मीटरच्या आसपास. घराचं फाटक, पार्किंगचा खांब, जुन्या गावातल्या गल्लीचं वळण, सगळ्याला टेप लावा. धुळ्यातल्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या एकाची गाडी आजही मेव्हण्याच्या प्लॉटवर उभी असते आणि हे रोज रिक्षाने तिथवर जातात.

तपासा: गाडी जास्त वेळ ड्रायव्हर चालवतो की तुम्ही? ड्रायव्हर चालवणार असेल तर मागची सीट, मागचा एसी आणि मागच्या दाराची उंची महत्त्वाची. तुम्ही चालवणार असाल तर सहाव्या टप्प्यावर दुप्पट वेळ द्या.

टप्पा २: वर्कशॉपचं अंतर मोजा, फोन करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा जरा लांबवतो.

खान्देशात राहून लक्झरी गाडी घ्यायची म्हणजे अधिकृत वर्कशॉप बहुधा परगावी असणार. ब्रँडनुसार ते नाशिकला असेल, छत्रपती संभाजीनगरला, सुरतला, इंदूरला, नाहीतर थेट पुण्या-मुंबईला. धुळ्याहून नाशिक सुमारे १६० किलोमीटर, जळगावहून संभाजीनगर तेवढंच, पण वाटेत अजिंठ्याचा घाट. जळगावहून नाशिक अडीचशेच्या घरात. नंदुरबारवाल्याला सुरत जवळ, शिरपूरवाल्याला इंदूरही अवघड नाही. म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोघांसाठी योग्य ब्रँड वेगवेगळा निघू शकतो. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नका असं मी सांगतो ते याच कारणाने.

मनात तीन-चार ब्रँड असतील तर प्रत्येकाच्या विक्री विभागाला नाही, वर्कशॉपला फोन करा. सेल्सवाला 'सगळं होतं सर' म्हणणारच. सर्व्हिस अॅडव्हायझरला हे विचारा:

- आज अपॉइंटमेंट मागितली तर कधीची मिळेल?
- पुढची काच, पुढचा बंपर, हेडलाइट हे पार्ट स्टॉकमध्ये असतात की मागवावे लागतात? मागवल्यावर किती दिवस?
- कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते पुन्हा अचूक जुळवणं, तुमच्याच वर्कशॉपमध्ये होतं का?
- जळगाव किंवा धुळ्यातून गाडी उचलायला फ्लॅटबेड येतो का, किती तासांत, आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट?
- काम लांबलं तर बदली गाडी देता का?

उत्तरं वहीत लिहा, तारखेसकट. जो नीट उत्तर देत नाही, 'या ना सर, बघू' म्हणतो, त्याच्या नावापुढे फुली मारा. विकायच्या आधी जो बोलत नाही तो विकल्यावर काय बोलणार?

सावधान: ऑल-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर गावातल्या क्रेनने पुढची चाकं उचलून ओढत नेऊ नका. मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस जळायला वेळ लागत नाही. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच हवा. ड्रायव्हरलाही हे आधीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही जवळ असालच असं नाही.

टप्पा ३: इंधन

वहीतला किलोमीटरचा आकडा उघडा.

रोज चार-सहा किलोमीटरच्याच खेपा असतील तर डिझेल घेऊ नका. बीएस ६ डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो डीपीएफ. ही काजळी जाळायला इंजिन बराच वेळ गरम राहून हायवेच्या वेगाने पळावं लागतं. मिलपर्यंत जाऊन परत येण्यात ते होत नाही, फिल्टर चोंदतो, दिवा लागतो. बहुतेक डिझेल गाड्यांत अॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावणही भरावं लागतं. ते संपलं की गाडी आधी बजावते आणि मग पुन्हा चालूच होत नाही. अॅडब्लू उन्हात खराब होतं, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बादली साठवून ठेवू नका.

महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटरच्या वर आणि तेही मुंबई, सुरत, इंदूर असं असेल तर डिझेल परवडतं. मात्र पर्याय कमी होतात. ऑडी आणि व्हॉल्वो भारतात डिझेल विकत नाहीत. लेक्ससची मधल्या आकाराची एनएक्स पेट्रोल-हायब्रिड आहे. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि लँड रोव्हरकडे डिझेल मिळतं.

इलेक्ट्रिकचा हिशेब सोपा. घरी चार्जर बसतो का, आणि महिन्यातल्या लांब खेपांच्या वाटेवर जलद चार्जर आहेत का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. पेट्रोल गाडी घेताना टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं असं लिहिलेलं पाहून घ्या.

टप्पा ४: एक्स-शोरूम विसरा, पूर्ण आकडा काढा

खान्देशात भाव विचारायची पद्धत एकच: "कितलाले बसनी?", म्हणजे केवढ्याला पडली? उत्तरात जो आकडा येतो तो कधी एक्स-शोरूम असतो, कधी ऑन-रोड, तर कधी निव्वळ फुशारकी. तुम्ही स्वतः मांडा.

मोठ्या एसयूव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. आधी जीएसटी आणि सेस मिळून ५० टक्के होत होते. म्हणजे त्याआधीच्या किमती कुणी सांगत असेल तर त्या सोडून द्या. ढोबळ पट्टे असे: पन्नास लाखांच्या अलीकडे-पलीकडे बीएमडब्ल्यू एक्स १, मर्सिडीज जीएलए, ऑडी क्यू ३. पासष्ट ते ऐंशीमध्ये एक्स ३, जीएलसी, क्यू ५, व्हॉल्वो एक्ससी ६०, लेक्सस एनएक्स. नव्वदच्या आसपासपासून कोटीच्या पलीकडे एक्स ५, जीएलई, क्यू ७.

आता ७५ लाख एक्स-शोरूम धरून गणित. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या गाडीला व्यक्तीच्या नावावर पेट्रोल असेल तर १३ टक्के, डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स. म्हणजे पेट्रोलला ९ लाख ७५ हजार, डिझेलला ११ लाख २५ हजार. हीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली की दर २० टक्के, थेट १५ लाख. आयात केलेल्या तयार गाडीलाही २० टक्केच. 'कंपनीच्या नावावर घेऊ, टॅक्स वाचेल' म्हणणाऱ्याने आधी हा फरक पाहावा.

कंपनीच्या नावावर घेतल्याने इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळेल असा समजही घट्ट बसलेला आहे. साध्या व्यापाऱ्याला प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. मिळतो तो घसारा, वर्षाला १५ टक्के, तोही धंद्याच्या वापरापुरता. त्यातही ज्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली त्या वर्षी निम्माच, साडेसात टक्के. ही रेषा साधारण ३ ऑक्टोबरला पडते. दसरा कधी येतो ते कॅलेंडरात बघा. दिवाळीच्या पाडव्याला गाडी घेणाऱ्याला पहिल्या वर्षी अर्धाच घसारा मिळतो, मुहूर्त कितीही चांगला असो.

शिवाय १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून आधीच घ्यायचा आयकर, इथे ७५ हजार. हा खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पण डीलरकडे तो तुम्हाला आधी भरावा लागतो, आणि कित्येक जण नंतर मागायचंच विसरतात.

विमा अडीच-तीन लाख धरा. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा असतो. झिरो डेप्रिसिएशन, इंजिन, टायर आणि रिटर्न टू इनव्हॉइस ही जोडकलमं बघा. डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही. बाहेरचे दोन कोटेशन हातात ठेवूनच बोला. गाडी गोदामाशेजारी उभी राहणार असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या तर विमा मिळतो का, हे लेखी विचारा. धान्याच्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

हप्त्याचंही मांडून ठेवा. ६० लाख कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे १ लाख २४ हजार ५००, व्याज एकूण पावणेपंधरा लाखांच्या आसपास.

सावधान: शेजारच्या राज्यात नोंदणी करून टॅक्स वाचवायचा सल्ला सीमेवरच्या प्रत्येक गावात कुणीतरी देतोच. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवली की इथली नोंदणी करावी लागते आणि इथला टॅक्स भरावा लागतो. तिकडचा परतावा मिळवायच्या चकरा त्यात धरलेल्या नसतात.

सावधान: रोखीने २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम डीलर घेऊ शकत नाही. तुकडे पाडूनही नाही, एकाच व्यवहारातले तुकडे एकच धरले जातात.

टप्पा ५: विश्वासार्हता म्हणजे नेमकं काय बघायचं

'जर्मन गाडी आहे, काही होत नाही' हे वाक्य वहीत लिहू नका. या गाड्यांची इंजिनं सहसा दगा देत नाहीत. त्रास होतो तो भोवतीच्या गोष्टींचा: १२ व्होल्टची बॅटरी, एअर सस्पेन्शनच्या पिशव्या, स्क्रीन, सेन्सर, मागचं विजेवर उघडणारं दार. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या सर्वेक्षणांत लेक्सस आणि टोयोटा वर्षानुवर्षं वरच्या जागी असतात, लँड रोव्हर बऱ्याचदा खाली. पण तिथलं मॉडेल, इंजिन आणि इंधन आपल्यापेक्षा वेगळं असतं, म्हणून तो कल समजा, निकाल नाही.

आपल्याकडे कामाची माहिती चार ठिकाणी मिळते.

एक, वॉरंटीचा कागद. लक्झरी ब्रँड साधारण दोन-तीन वर्षं देतात, लेक्सस भारतात ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. वाढीव वॉरंटीत एअर सस्पेन्शन आणि इलेक्ट्रॉनिक भाग येतात की नाही हे यादीत बोट ठेवून वाचा.

दोन, तीन-चार वर्षं जुनी तीच गाडी वापरणारा माणूस. त्याला 'कशी आहे' विचारू नका, तो चांगलीच म्हणणार. गेल्या वर्षी वर्कशॉपमध्ये किती दिवस होती ते विचारा.

तीन, परत मागवलेल्या गाड्यांची माहिती. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर आणि कंपनीच्या स्वतःच्या पानावर ती मिळते.

चार, पार्टच्या किमती. वर्कशॉपकडून पाच गोष्टींचं लेखी कोटेशन घ्या: चार टायर, पुढच्या ब्रेक डिस्क आणि पॅड, रडारसकट पुढचा बंपर, कॅलिब्रेशनसकट पुढची काच, आणि एक हेडलाइट. बेरीज पाहून काही जणांनी माझ्यासमोर एक पायरी खालची गाडी ठरवली. एलईडी हेडलाइटचा आकडा तर पुन्हा विचारून खात्री करावी लागते.

नव्याने आलेल्या पिढीची गाडी पहिल्या वर्षात घेऊ नका. सॉफ्टवेअरची कटकट पहिल्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला येते.

टायर इथेच ठरवा. २०-२१ इंची चाकं फोटोत शोभतात, पण त्यांच्या टायरची भिंत बोटभर. खड्ड्यात गेलं की टायर आणि रिम दोन्ही जातात. त्याच मॉडेलमध्ये १८ किंवा १९ इंच मिळत असतील तर तेच घ्या. स्टेपनी आहे का, हे डिकी उघडून स्वतः बघा. रनफ्लॅट असेल तर हवा गेल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटरच जाता येतं. साक्रीच्या पुढे कोंडाईबारी घाटात टायर गेला तर ८० किलोमीटरच्या आत तुमच्या मापाचा टायर कुठे मिळेल ते आधी शोधा.

टप्पा ६: ड्रायव्हर असिस्टन्स आपल्या रस्त्यावर तोलून बघा

'लेव्हल २' ऐकलं की गाडी आपोआप चालते असं वाटतं. लेव्हल २ म्हणजे गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्हीला हातभार लावते. लक्ष आणि हात तुमचेच हवेत, जबाबदारीही तुमचीच.

यादीतलं प्रत्येक नाव स्वतंत्रपणे बघा, कारण आपल्याकडे काहींचा उपयोग मोठा आणि काहींचा जवळपास शून्य आहे.

आपोआप ब्रेक, म्हणजे एईबी: हवाच. पण तो दर वेळी वेळेवर लागेलच असं नाही. माझाच अनुभव सांगतो. एरंडोलच्या पुढे, रात्री साडेनऊला, अॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या वाहनापासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी यंत्रणा) ८० वर लावलेला. पुढे एक ट्रक, गाडी त्याच्या मागे व्यवस्थित अंतर ठेवून चाललेली. ट्रकने अचानक उजवी लेन घेतली. पुढचा ट्रक दिसेनासा झाला म्हणून माझी गाडी वेग वाढवायला लागली, आणि समोर ट्रॉली उभी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, फक्त कापसाचा ढीग. ब्रेक मी मारला. गाडीचा इशारा माझा पाय पेडलवर गेल्यावर आला. घरी येऊन मॅन्युअल उघडलं तर हे सगळं छापलेलं होतं: पुढचं वाहन बाजूला झाल्यावर समोर आलेली उभी वस्तू यंत्रणेला ओळखता येईलच असं नाही.

म्हणून रात्री, विशेषतः कापूस आणि केळीच्या हंगामात, अॅडॅप्टिव्ह क्रूझ बंद ठेवा. दिवसा चौपदरीवर, नाशिक ते मुंबई, ते उत्तम चालतं आणि पाय वाचवतं.

लेन असिस्ट, म्हणजे गाडीला लेनमध्ये ठेवायला स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा: पट्टे रंगवलेले असतील तिथेच. चोपडा, यावल, रावेरच्या आतल्या रस्त्यांवर पट्टे कुठे आहेत? खड्डा चुकवायला तुम्ही स्टिअरिंग वळवता आणि गाडी परत खड्ड्याकडे ओढते, असंही होतं. एका बटणाने बंद होतं की मेनूत चार पायऱ्या उतराव्या लागतात, एवढंच महत्त्वाचं.

ब्लाइंड स्पॉट आणि मागून येणाऱ्याचा इशारा: पैसे वसूल. डावीकडून घुसणारी मोटरसायकल, दाणा बाजारातून रिव्हर्स घेताना मागून येणारी हातगाडी, इथे यांचा खरा उपयोग होतो. ३६० अंशांचा कॅमेराही असाच, वाड्याच्या फाटकात.

टायर प्रेशरचा इशारा: घ्याच. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे जातो, तापलेल्या डांबरावर कमी हवेचा टायर लवकर फुटतो.

हे कुठल्या व्हेरिएंटमध्ये आहे हा खरा पेच. युरोप-अमेरिकेच्या व्हिडिओत दिसणारी यंत्रणा भारतातल्या गाडीत असेलच असं नाही, आणि एकाच मॉडेलच्या दोन व्हेरिएंटमध्येही फरक असतो. युरो एनकॅप या युरोपातल्या अपघात-सुरक्षा चाचणीचे पाच तारे तिथल्या गाडीला मिळालेले असतात. आपली तशीच चाचणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण ते ऐच्छिक आहे. म्हणून ब्रोशरमधल्या ताऱ्यांवर न जाता भारतीय व्हेरिएंटचा फीचर-तक्ता छापील घ्या आणि एकेका नावापुढे टिक करा.

या यंत्रणेचे डोळे दोन ठिकाणी असतात: कॅमेरा पुढच्या काचेमागे, आरशाजवळ, आणि रडार पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये. दोन वर्षांपूर्वी धुळ्याकडे जाताना डंपरमधून उडालेला खडा माझ्या काचेला लागला. मी शहाणपणा करून बाहेर स्वस्तात काच बसवली. दुसऱ्याच दिवशी गाडी जू न मानणाऱ्या खोंडासारखी डावीकडे ओढायला लागली. काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवावा लागतो, ते कुणीच केलं नव्हतं. मग अधिकृत वर्कशॉपच्या दोन चकरा, आणि वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त खर्च.

सावधान: पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. रडार झाकतं, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं, आणि केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे.

टप्पा ७: आता शोरूम, आणि टेस्ट ड्राइव्ह आपल्या वाटेवर

इथवर येईपर्यंत वहीत दोनच गाड्या उरलेल्या असतात. तीन उरल्या असतील तर दुसरा टप्पा पुन्हा करा.

शोरूमबाहेरची पंधरा मिनिटांची गुळगुळीत फेरी कामाची नाही. गाडी घरी मागवा. पन्नास लाखांच्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी बहुतेक डीलर गाडी पाठवतात. मग या क्रमाने:

१. दुपारी दोनला, शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, गाडी तासभर उन्हात उभी करा. काचेचं छत असेल तर पडदा बंद करून. मग बसा आणि मागच्या सीटवर गारवा पोहोचायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. सीटमध्ये हवा खेळवणारे पंखे आहेत का? हीटेड सीटचं कौतुक आपल्याकडे कुणाला? काचेमागचा कॅमेरा फार तापला तर काही गाड्यांत असिस्टन्स तात्पुरता बंद झाल्याचा संदेश येतो, तोही इथे दिसेल.

२. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चढवा-उतरवा. आजीला पायरी लागत असेल तर आत्ताच कळू द्या.

३. पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन शेतापर्यंतचा किंवा गावाकडचा शेवटचा खराब तुकडा चालवा. खालून घासलं तर विषय संपला.

४. चौपदरीवर अॅडॅप्टिव्ह क्रूझ आणि लेन असिस्ट, दिवसा. एईबी तपासायला कुणाच्या मागे गाडी घालू नका, तो प्रयोग रस्त्यावर करायचा नसतो.

५. संध्याकाळी अंधार पडल्यावर हेडलाइट. मोकळ्या रस्त्यावर समोरचा माणूस किती लांबून दिसतो?

तुमचा नेहमीचा ड्रायव्हर सोबत हवा. त्याचं मत विचारा, पण सेल्समननं त्याच्याशी बोलायच्या आधी.

टप्पा ८: भाव, कागद, ताबा

दोन शहरांतल्या डीलरांकडून लेखी कोटेशन घ्या. त्यात ओळी सुट्या हव्यात: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा, टीसीएस, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरीज. 'हँडलिंग' नावाची ओळ दिसली की ती काढायला सांगा. सवलत रोख मागा, अॅक्सेसरीजच्या रूपात घेऊ नका. क्रोमच्या पट्ट्यांची किंमत कुणी ठरवली?

ताबा घेण्याआधी दिवसाउजेडी गाडी बघा. उत्पादनाचा महिना-वर्ष, चासीचा नंबर कागदाशी जुळतो का, चारही टायरच्या भिंतीवरचा आठवडा-वर्षाचा चार आकडी कोड, दारांच्या कडांचा रंग. फीचर-तक्ता हातात घेऊन प्रत्येक असिस्टन्स स्क्रीनवर चालू करून दाखवायला सांगा. एखादं बटणच नसेल तर पैसे पूर्ण द्यायच्या आधी बोला.

तपासा: रोडसाइड असिस्टन्सचा नंबर डीलरसमोरच लावा आणि जळगाव किंवा धुळ्याचं ठिकाण सांगून किती वेळ लागेल ते विचारा.

टप्पा ९: पहिले काही दिवस

ड्रायव्हरला एक सुटीचा दिवस देऊन तीन गोष्टी पाठ करून घ्या: क्रूझ कसा बंद होतो, लेन असिस्ट कसा बंद होतो, आणि टोइंगचा हूक कुठे आहे. फ्लॅटबेडचा नंबर सन-व्हायझरवर चिकटवा. काळ्या मातीच्या रस्त्यावरून आल्यावर काचेचा वरचा मधला भाग आणि पुढची जाळी ओल्या कापडाने पुसायची सवय लावा, चिखलाचा थर बसला की रडारला दिसत नाही.

पूजेलाही हेच. आमच्या ओळखीच्या एकाने नवी गाडी देवदर्शनाला नेली, आणि वरणगावच्या पुढे स्क्रीनवर लाल त्रिकोण लागला, 'पुढचा सेन्सर बंद'. डीलरला फोन, वर्कशॉपला फोन, गाडी रस्त्याच्या कडेला. बऱ्याच वेळाने शेजारच्या टपरीवाल्याने पुढची झेंडूची माळ आणि लिंबू-मिरची सोडवली. त्रिकोण गेला. नारळ फोडा, कुंकू लावा, माळ मात्र आरशाला बांधा. तीही कॅमेऱ्यापासून लांब.